रोलर, चेंडू की लाटणं? धावून आंबलेल्या पायांसाठी मालिशचं साधन निवडताना

डिसेंबरात पहाटे साडेपाचला जळगावच्या मेहरूण तलावावर दोन प्रकारची माणसं पळताना दिसतात. एक म्हणजे भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर पळायचं असतं, त्यामुळे त्यांचं सगळं पळणं घड्याळाला बांधलेलं. दुसरी चाळिशी ओलांडलेली माणसं. रक्तातली साखर वाढली म्हणून चालायला आलेली आणि चालता चालता पळायला लागलेली. मी या दुसऱ्यांतली. दोन्ही गटांत एक प्रश्न मात्र सारखाच असतो, आणि तो साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो: "ताई, पाय दुखी ऱ्हायनात, कोणता रोलर लेऊ?"

रोलर म्हणजे अंगाखाली घालून ज्यावर स्नायू मागे-पुढे फिरवायचा तो फोमचा जाड दंडगोल. हा प्रश्न मला पडला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. ऑनलाइन पाहून मी सगळ्यात कडक, उंचवटे असलेला रोलर मागवला. जितका टणक तितका गुणकारी, असा समज होता. रोज अर्धा तास मांडीची बाहेरची बाजू त्यावर दात-ओठ खाऊन घासली. आठवड्याने मांडीवर हिरवे-निळे डाग आले, गुडघ्याशेजारी दुखायला लागलं आणि दहा दिवस पळणं बंद ठेवावं लागलं. फिजिओथेरपिस्टने रोलरचं नावही काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे दुखतं?" मला दाखवता येईना. साधन निवडायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी, म्हणून आपणही तिथूनच करू.

आधी दुखणं कोणतं ते ओळखा

पायाच्या दुखण्याला आपल्याकडे पुष्कळ शब्द आहेत आणि ते उगीच वेगवेगळे नाहीत. पाय आंबतात, भरून येतात, पायात गोळा येतो, पाय लचकतो, कळ मारते, ठणका लागतो. यातली पहिली दोन दुखणी रोलर-चेंडूंची. बाकीच्यांना ती साधनं लावू नयेत.

आंबणं म्हणजे सवय नसलेल्या मेहनतीनंतर स्नायूंच्या तंतूंना झालेली अगदी बारीक इजा आणि तिच्या दुरुस्तीत येणारी सूज. ते लगेच जाणवत नाही. आज पळालात तर उद्या दुखायला लागतं, २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त दुखतं आणि मग आपोआप उतरतं. दोन्ही पाय सारखेच दुखतात, दुखणं पसरलेलं असतं, एका बोटाने दाखवता येत नाही. जिना उतरताना आई गं म्हणायला लावणारं दुखणं ते हेच. उताराने ते जास्त होतं, कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला पळत उतरलेल्या किंवा तोरणमाळच्या घाटात खाली धावलेल्या कुणालाही विचारा. चढताना दम लागतो, पण मांड्या आंबतात त्या उतरल्यामुळे.

भरून येणं वेगळं. ते त्याच दिवशी येतं, पाय शिसासारखे जड होतात. दिवसभर दुकानात किंवा वर्गात उभं राहून संध्याकाळी पळणाऱ्यांना हे जास्त होतं. इथे हलकी मालिश फार सुखाची वाटते.

पोटरीत गोळा आला तर त्यावर चेंडू रगडू नका. पाय सरळ करा, पायाची बोटं हळूच नडगीकडे ओढून धरा, गोळा सुटू द्या. नंतर हाताने चोळलं तरी पुरे.

इथे साधन बाजूला ठेवायचं

हा भाग घाईत वाचून पुढे जाऊ नका.

एकच पोटरी सुजली, गरम लागते, लालसर दिसते आणि चालताना दुखते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी दाबायची नाही, चोळायचीही नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तासभरही थांबू नका.

नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल आणि पळताना ते वाढत असेल, तर हाडाला बारीक चीर असण्याची शंका घ्यायची. भरतीची तारीख लागली की पोरं एका आठवड्यात अंतर दुप्पट करतात, तेही डांबरी रस्त्यावर. ही चीर बहुतेक तशीच पडते. तिला विश्रांती लागते. रोलरने ती बरी होत नाही, चिघळते.

पळताना अचानक 'कट्' झाल्यासारखं वाटून कळ आली आणि नंतर काळं-निळं पडलं, तर स्नायू फाटलेला असू शकतो. मुका मार बसलेल्या जागेलाही हेच लागू.

भर उन्हात खूप पळाल्यावर पाय असह्य दुखतायत, सुजलेत आणि लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची होतेय, तर सरळ दवाखाना. स्नायू विरघळून त्यातला ऐवज मूत्रपिंडांवर आलेला असू शकतो. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून हे सांगणं भागच आहे.

आणि एक गोष्ट खास आपल्या भागातली. नंदुरबारच्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. तुम्हाला सिकलसेल असेल किंवा घरात कुणाला असेल, तर हातपाय-सांध्यांच्या कळा 'पळून आंबलं असेल' म्हणून सोडून देऊ नका. खाली बर्फाच्या बाटलीचा उपाय येईल, तोही तुमच्यासाठी नाही, कारण थंडीने सिकलसेलच्या वेदना उसळू शकतात. तपासणी झालेली नसेल तर भरतीची कडक तयारी सुरू करण्याआधी करून घ्या.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणारे, पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा असणारे, मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झालेले आणि गर्भवती बायका, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही साधन घेऊ नये.

मालिशने काय होतं, काय होत नाही

मैदानावर सगळे सांगतात, "लॅक्टिक ॲसिड साचलंय, रोलरने काढून टाक." जोरात पळाल्यावर रक्तात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं. दुसऱ्या दिवशी दुखतं तेव्हा पायात त्यातलं काहीच उरलेलं नसतं. 'गाठी फोडायच्या' हेही तसंच. हाताला लागणारी टणक जागा बहुतेक वेळा आवळलेला स्नायू असतो, ती फुटत नाही.

बेताच्या दाबाने त्या भागातल्या मज्जातंतूंना वेगळी जाणीव मिळते, मेंदू तिथला ताण थोडा सैल सोडतो आणि दुखण्याची धार कमी वाटते. सांधा थोडा जास्त वळतो. हा फरक खरा आहे, पण लहान आहे आणि थोडा वेळच टिकतो. म्हणून साधनावर दोन-तीन हजार घालवण्याआधी आठवडाभर झोप पुरी घेऊन पाहा. नीट झोपलेल्या माणसाचे पाय कमी कुरकुरतात.

एकदा हे कळलं की कडक साधनाची ओढही कमी होते. फोडायचंच काही नसेल तर एवढा जोर कशाला लावायचा? दुखतंय म्हणून श्वास रोखून धरलात की स्नायू उलट आवळतो. नवख्या माणसाने नेहमी मऊ साधनाने सुरुवात करावी, आणि तेच पुरेसं वाटलं तर तिथेच थांबावं.

कुठे दुखतंय, त्यावर साधन

तळवा आणि कुल्ला यांच्यासाठी चेंडू. पहिला चेंडू टेनिसचाच घ्या. तो आतून पोकळ असतो, वजन ५६ ते ५९ ग्रॅम, दाबला की दबतो. दुकानदार 'मसाजचा बॉल' म्हणून भरीव रबराचा चेंडू दाखवेल. ऑनलाइन साधारण त्याच आकाराचा, लॅक्रोस नावाच्या खेळाचा भरीव चेंडू मिळतो, १४० ते १५० ग्रॅमचा. तो महिन्या-दोन महिन्यांनी, टेनिसचा चेंडू अगदीच हलका वाटायला लागला तर. क्रिकेटचा सीझन बॉल मात्र वापरू नका. त्याची शिवण एका रेषेत टोचते आणि कातड्याला जराही लवचीकपणा नसतो.

तळव्यासाठी खुर्चीवर बसायचं, चेंडू टाचेच्या पुढच्या खोलगट भागाखाली घ्यायचा आणि मागे-पुढे फिरवायचा. उभं राहून सगळं वजन टाकायचं नाही. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाच दुखत असेल, तर पाण्याची अर्धा लिटरची बाटली फ्रीझरमध्ये गोठवा, फडक्यात गुंडाळा आणि तळव्याखाली पाच-सात मिनिटं फिरवा. यासाठी दुसरं काही विकत घ्यायची गरज नाही.

कुल्ल्यासाठी एक युक्ती सांगते. चेंडू लांब मोज्यात घाला, मोज्याचं तोंड हातात धरा आणि पाठ भिंतीकडे करून चेंडू भिंत आणि कुल्ला यांच्यामध्ये दाबा. चेंडू निसटत नाही, आणि भिंतीपासून पाऊल पुढे-मागे करून दाब हवा तेवढा कमी-जास्त करता येतो. दाब पायात मुंग्या आणत असेल तर जागा बदला, खालून मोठी नस जाते.

पोटरी आणि मांडीची मागची बाजू यांना काठी, म्हणजे मसाज स्टिक. मधे फिरणारे मणी किंवा नळ्या, दोन्ही टोकांना मुठी. माझ्या मते नवख्या धावपटूने पैसे घालून घ्यायची पहिली वस्तू हीच. जोर तुमच्या दोन हातांत असतो, अंगाचं वजन त्यावर येत नाही, त्यामुळे चूक झाली तरी ती लहानच होते. जमिनीवर लोळावं लागत नाही. भुसावळहून रात्रीची गाडी पकडून स्पर्धेला जायचं असेल तर पाठीवरच्या पिशवीत मावते. दाबून वाकवून पाहा. थोडी लवणारी बरी, कारण ती पोटरीच्या गोलाईवर बसते. मणी फिरताना केस किंवा कातडी अडकते का, ते आपल्याच हातावर फिरवून दुकानातच तपासा.

पैसे घालायचे नसतील तर लाटणं घ्या. गुळगुळीत, दोन्हीकडे मुठी असलेलं, मधला भाग स्वतंत्र फिरणारं मिळालं तर उत्तम. स्वयंपाकघरातलं उचलू नका, वेगळं आणा. भरतीच्या मुलींच्या खोलीवर मी हेच ठेवायला सांगितलं, आणि चौघी जणी एका लाटण्यावर पूर्ण हंगाम काढून गेल्या. पायजम्यावरून फिरवायचं, घोट्याकडून गुडघ्याकडे. गुडघ्यामागची खळगी सोडून द्यायची, तिथे शिरा आणि नसा वरच असतात.

मांडीचा पुढचा भाग हा मोठा स्नायू. तिथे फोम रोलरचं खरं काम. पालथं झोपून, कोपरांवर वजन घेऊन मांडी रोलरवर ठेवायची. आता रोलर कसा निवडायचा?

लांबी ३०, ४५, ६० आणि ९० सेंटिमीटर अशी मिळते, जाडी साधारण १२ ते १५. धावणाऱ्याला ४५ पुरतो. ३० चा प्रवासाला सोयीचा, पण दोन्ही मांड्या एकदम मावत नाहीत आणि नवख्याचा तोल जातो. ९० चा घरात कुठे ठेवायचा हाच प्रश्न.

टणकपणा अंगठ्याने तपासा. जोरात दाबल्यावर अंगठा थोडा रुतला आणि काढल्यावर खड्डा लगेच भरून आला, तर तो नवख्यासाठी योग्य. अंगठा अजिबात रुतत नसेल तर आज घेऊ नका. खड्डा भरून येतच नसेल तर तो महिन्यात बसेल. पांढरे, हलके, स्वस्त रोलर बहुतेक असेच बसतात. थर्माकोलसारखे दाणे दाबून केलेले काळे रोलर खूप टिकतात, पण कडक असतात. मधला मार्ग म्हणजे गुळगुळीत ईव्हीए फोमचा रोलर, चपलेच्या मऊ तळाला असतो तोच माल. आतून प्लास्टिकच्या पाइपाचा, वर फोमचा थर असलेला पोकळ रोलर आकार चांगला धरतो. तो घेतलात तर वरचा थर जाड आणि उंचवटे कमी असलेला पाहा. वजन जास्त असलेल्या माणसाने अजून मऊ घ्यावा, कारण त्याचा दाब आपोआपच जास्त पडतो. हे दुकानात कुणी सांगत नाही.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत एक जाड पट्टा जातो. मी घासत होते तो तोच. तो इतका चिवट असतो की रोलरने लांब होत नाही, फक्त हाडावर चिरडला जातो. तिथे ओढ वाटत असेल तर कुल्ल्याला चेंडू लावा आणि मांडीच्या पुढच्या भागाला रोलर, पट्ट्याला हात लावू नका. कंबरेखाली रोलर घालून लोळणंही नको.

घरातली काशाची वाटी

आजीच्या हातची काशाची वाटी खान्देशातल्या कितीतरी घरांत असेल. तूप किंवा तिळाचं तेल लावून तळव्यावर गोल फिरवायची. भरून आलेल्या पायांना मला याहून आवडतं साधन नाही. दाब हलका, गोलाई मऊ, आणि करणारा माणूस आपला. तळवा काळा पडतो तेव्हा 'उष्णता बाहेर आली' म्हणतात. काशात तांबं आणि कथील असतं. तेल, घाम आणि घासणं यांनी त्या धातूचा काळा अंश निघतो, तोच तळव्याला लागतो. त्याने घाबरूही नये आणि तो जास्त यावा म्हणून जास्त घासूही नये. नंतर पाय साबणाने धुवा. तेलकट तळव्याने फरशीवर घसरून पडलेली माणसं मला माहीत आहेत.

मसाज गनचं काय?

सहा महिने नियमित पळून झाल्याशिवाय नको, असं माझं स्पष्ट मत आहे. घ्यायचीच असेल तर जाहिरातीतले वेगाचे आकडे पाहू नका. जवळपास सगळ्या गन मिनिटाला दोन-तीन हजार ठोके देतात. डोकं आत-बाहेर किती मिलिमीटर जातं, ते विचारा. १० ते १२ असेल तर ठोका स्नायूपर्यंत पोचतो. पाच-सहावाली नुसती कातडीवर थरथरते. दुसरं, सुरू करून तळहातावर दाबा. थोड्या दाबाने मोटर थांबत असेल तर ती मांडीवर चालणार नाही. तिसरं, वजन. एक किलोची गन दहा मिनिटं धरली की खांदे आंबतात.

मोठं मऊ गोल डोकंच लावा, टोकदार डोकी डब्यातच राहू द्या. सगळ्यात कमी वेगावर, एका स्नायूला एक-दीड मिनिट. नडगी, गुडघा, घोटा, मणका, मान, जांघ या जागी लावू नका. शारीरिक चाचणीच्या दिवशी सकाळी आयुष्यात पहिल्यांदा मित्राची गन वापरून पाहणं तर अजिबात नको.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी फक्त एक साधन आणि एकच स्नायू. काठी असेल तर पोटरी. पळून आल्यावर पाणी प्या, दहा मिनिटं चाला, मग बसा. एका पोटरीला तीस सेकंद ते एक मिनिट, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथ गतीने. दुखण्याला दहापैकी गुण द्या. पाच-सहाच्या पुढे जात असेल तर दाब कमी करा. बोलता येत नसेल, श्वास अडकत असेल, तर तो दाब जास्तच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागा बोटाने दाबून पाहा. आदल्या दिवसापेक्षा जास्त हुळहुळी लागली किंवा निळसर दिसली, तर दोन दिवस बंद आणि पुढच्या वेळी निम्मा जोर. ठीक वाटलं तर दुसरा स्नायू वाढवा. सगळं मिळून दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. थंडीत, धुळ्याचा पारा एक आकड्यावर येतो त्या दिवसांत, पळण्याआधी प्रत्येक पोटरीला वीसेक सेकंद हलक्या हाताने काठी फिरवली तर बरं वाटतं. पण त्यानंतर सावकाश पळत अंग गरम करणं चुकवायचं नाही.

दोन आठवडे नीट करूनही तीच जागा तशीच दुखत असेल, तर दुसरं साधन मागवू नका. फिजिओथेरपिस्टकडे जा आणि एका बोटाने जागा दाखवा.

ऊन, धूळ आणि तेल

पुण्या-मुंबईची माणसं लिहितात त्यात हे सापडत नाही. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत, घराच्या धाब्यावर म्हणजे गच्चीवर किंवा उभ्या गाडीत ठेवलेला फोमचा रोलर मऊ पडतो आणि ज्या बाजूवर टेकला असेल ती बाजू चपटी होते. माझा दुसरा रोलर गाडीच्या डिकीत असाच गेला. रोलर घरात, सावलीत, उभा ठेवा. मसाज गन तर उन्हातल्या गाडीत मुळीच नको, तिच्यात लिथियमची बॅटरी असते.

काळ्या मातीची धूळ फोमच्या खाचांत बसते आणि घामाने चिकटते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने, साबणाच्या थोड्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा. तेल लावलेल्या पायांनी रोलरवर जाऊ नका. फोम निसरडा होतो आणि हळूहळू खराबही होतो. तेलाची मालिश हाताने किंवा वाटीने करा, रोलर कोरड्या कपड्यावरून.

आणि पावसाळा संपला की रोलर सपाट फरशीवर हलकेच ढकलून सोडा. सरळ घरंगळला तर अजून एक हंगाम चालेल. अडखळत, एका बाजूला कलत गेला, तर तो तुमच्या मांडीवरही तसाच असमान दाब देत असणार. नवा घ्यायची वेळ तेव्हा आली.